अ‍ॅक्सलवरचा नंबर आणि ‘मध्यपूर्वेतले दोन इसम’

१९ एप्रिल १९९५, सकाळचे ९ वाजून २ मिनिटं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत आल्फ्रेड पी. मुर्रा या सरकारी इमारतीसमोर लावलेल्या भाड्याच्या ट्रकमध्ये स्फोट झाला. १६८ माणसं गेली. त्यात १९ मुलं होती, बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरातली. त्या दिवशी संशयिताचा शोध एकाच वेळी दोन वाटांनी सुरू झाला. दहशतवादी हल्ल्यानंतर लोकांचा संशय कुणाकडे वळतो आणि पुरावा कुठे नेतो, हे समजून घ्यायला या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पहिली वाट अशी. दुपारपर्यंत पोलीस यंत्रणेत संदेश फिरला, की तपकिरी रंगाचा, काळ्या काचांचा शेवरोले पिकअप शोधा, आत ‘मध्यपूर्वेतले वाटणारे’ काळ्या केसांचे, दाढीवाले दोन पुरुष आहेत. टीव्हीवर सुरक्षातज्ज्ञ बसले आणि हल्ल्याची पद्धत मध्यपूर्वेतली दिसते असं सांगू लागले. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात ट्रकबॉम्ब फुटला होता, त्यामुळे हा अंदाज अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य करायला हवं. पण १९ एप्रिल ही तारीखही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बरोबर दोन वर्षांपूर्वी याच दिवशी टेक्सासमधल्या वेको इथे संघराज्य सरकारच्या पोलिसांचा एका पंथाच्या वसाहतीला पडलेला वेढा आगीत आणि डझनावारी मृत्यूंत संपला होता, आणि देशातले सशस्त्र, सरकारविरोधी गोरे गट त्या तारखेचा सूड घ्यायची भाषा उघडपणे करत होते. दोन खुणा सारख्याच ठळक होत्या. टीव्हीवर चर्चा झाली ती एकीचीच.

दुसरी वाट कंटाळवाणी होती, म्हणून तिच्याकडे कॅमेरे नव्हते. ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा शंभर किलोंहून जड लोखंडी दांडा, स्फोटाने उडून रस्त्यावर उभ्या असलेल्या एका फोर्ड फिएस्टावर आदळला होता. त्यावर ओळख क्रमांक कोरलेला होता. त्यावरून ट्रक रायडर कंपनीचा निघाला. कंपनीच्या नोंदीवरून तो कान्सासमधल्या जंक्शन सिटीतल्या एका गॅरेजमधून १७ एप्रिलला भाड्याने गेल्याचं कळलं, ‘रॉबर्ट क्लिंग’ या खोट्या नावावर. गॅरेजच्या कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून रेखाचित्र काढलं गेलं. ते चित्र गावातल्या ड्रीमलँड मोटेलमध्ये दाखवल्यावर मालकिणीने ओळखलं. मोटेलच्या वहीत त्याने खरं नाव लिहिलं होतं, टिमोथी मॅक्व्हे. ते नाव पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकात टाकल्यावर दिसलं, की हा माणूस आधीच एका तुरुंगात आहे.

तो तिथे कसा पोचला? स्फोटानंतर दीड तासाच्या आत, शहराच्या उत्तरेला पेरी गावाजवळ, चार्ल्स हँगर नावाच्या महामार्ग पोलिसाने एक पिवळी, १९७७ची मर्क्युरी मार्क्विस गाडी थांबवली. तिला मागची नंबर प्लेट नव्हती. चालकाच्या जाकिटाखाली भरलेलं पिस्तूल निघालं. नंबर प्लेट नाही, विमा नाही, हत्यार लपवून बाळगलं, एवढ्या किरकोळ आरोपांवर त्याला कोठडीत टाकलं. न्यायाधीश दुसऱ्या खटल्यात अडकल्याने जामिनाची सुनावणी लांबली, म्हणून २१ तारखेला एफबीआयचा फोन आला तेव्हा तो अजून तिथेच होता. सुनावणी एक दिवस आधी झाली असती तर तो बाहेर पडला असता.

मॅक्व्हे परदेशी नव्हता. तो न्यूयॉर्क राज्यातला गोरा तरुण, आखाती युद्धात लढलेला, ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळालेला माजी सैनिक होता.

त्या दोन दिवसांत पहिल्या वाटेवर काय काय घडलं, ते चटकन विसरलं गेलं. ओक्लाहोमा सिटीत राहणारा जॉर्डन वंशाचा एक अमेरिकन नागरिक नातेवाइकांना भेटायला अम्मानला निघाला होता. शिकागोला त्याची चौकशी झाली आणि पुढचं विमान चुकलं. लंडनला पोचल्यावर त्याला पुन्हा धरलं, कपडे उतरवून झडती घेतली आणि बेड्या घालून अमेरिकेला परत पाठवलं. तोवर त्याचं नाव वृत्तसंस्थांपर्यंत पोचलं होतं आणि इकडे त्याच्या घराच्या अंगणात लोक कचरा टाकून जात होते. त्याच शहरात एका इराकी निर्वासित कुटुंबाच्या घरावर जमावाने दगड मारले. घरात गरोदर बाई होती. तिचं बाळ गेलं. सद्दामच्या राजवटीतून जीव वाचवून आलेली ही माणसं होती. मृतांच्या १६८ या आकड्यात ते मूल नाही.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात ते हेच. पण इथे आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त तपशिलात पाहायला हवी. ‘जॉन डो नंबर दोन’ची. ओळख न पटलेल्या पुरुषाला अमेरिकी पोलीस ‘जॉन डो’ म्हणतात.

गॅरेजमधल्या एका कर्मचाऱ्याने मॅक्व्हेसोबत आणखी एक माणूस आल्याचं सांगितलं. धट्टाकट्टा, डोक्यावर टोपी, दंडावर टॅटू. त्याचंही रेखाचित्र देशभर छापलं गेलं. एफबीआयने महिनोन्‌महिने शोध घेतला. शेवटी निष्कर्ष निघाला, की हा माणूस म्हणजे जवळच्या फोर्ट रायली तळावरचा एक सैनिक. दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिलला, तो आपल्या साथीदाराबरोबर त्याच गॅरेजमध्ये ट्रक घ्यायला आला होता. त्याचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. साक्षीदार खोटं बोलत नव्हता. सलग दोन दिवसांतली दोन गिऱ्हाइकं त्याच्या आठवणीत एका दिवसात येऊन बसली होती. साक्षीतली ही सर्वांत नेहमीची चूक आहे. माणूस खराच पाहिलेला असतो, पण वेळ आणि जागा चुकीची चिकटते. मग त्या रेखाचित्राचा उपयोग लोकांनी कसा केला? शहरातल्या एका वाहिनीने त्या वर्णनाचा संबंध तिथल्याच एका इराकी निर्वासिताशी जोडणाऱ्या बातम्या दाखवल्या. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो फेटाळला गेला. टोपी आणि टॅटू असलेल्या एका चित्रात ज्याला जो चेहरा हवा होता तो दिसला.

आणि कायदा? स्फोटाला वर्ष होऊन पाच दिवस झाले तेव्हा, २४ एप्रिल १९९६ला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दहशतवादविरोधी आणि मृत्युदंडविषयक कायद्यावर सही केली. हल्ला स्वदेशी, आरोपी स्वदेशी. दहशतवादाबाबतची मोठी कलमं मात्र परदेशी संघटनांची यादी करणं, त्यांना ‘भौतिक मदत’ देणाऱ्याला शिक्षा करणं आणि दहशतीचा संशय असलेल्या परदेशी नागरिकांना देशाबाहेर घालवण्यासाठी वेगळं न्यायालय नेमणं अशी. मॅक्व्हेसारख्या माणसाला अडवेल असं त्यात फारच थोडं होतं.

या कायद्याचा परिणाम आजही दिसतो. अमेरिकी संहितेत ‘देशांतर्गत दहशतवाद’ याची व्याख्या २००१ पासून आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा संघराज्याच्या कायद्यात नाही. परदेशी यादीतल्या संघटनेला पैसे पाठवलेत तर ‘दहशतवादाला मदत’ हा गुन्हा लागतो. देशी वर्णवर्चस्ववादी गटाची तशी यादीच नाही. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये डिलन रूफने प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना मारलं. वंशयुद्ध पेटवायचं हा हेतू त्याने स्वतः सांगितला होता. त्याच्यावर संघराज्याचे ३३ आरोप लागले आणि मृत्युदंडही झाला. त्या ३३ आरोपांत द्वेषमूलक गुन्हे होते, शस्त्राचे होते, दहशतवादाचा एकही नव्हता. लोक विचारतात, ‘गोरा म्हणून त्याला दहशतवादी म्हणत नाहीत का?’ उत्तराचा अर्धा भाग पत्रकारांच्या सवयीत आहे आणि अर्धा या कायद्याच्या रचनेत. दोन्ही वेगळे करून पाहिले नाहीत तर वाद नुसता आवाजावर चालतो. न्यूयॉर्क राज्याने स्वतःचा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२०पासून लागू झाला. मे २०२२ मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या गोऱ्या तरुणाला त्याखाली ‘द्वेषप्रेरित देशांतर्गत दहशतवादा’बद्दल दोषी ठरवण्यात आलं. त्या कायद्याखालची ती पहिली शिक्षा.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक वेळी ‘दहशतवादी’ हा शब्द टाळला म्हणजे पक्षपातच झाला असं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासला हॉटेलच्या खिडकीतून मैफलीवर गोळ्या झाडणाऱ्या माणसाने साठ जणांचा जीव घेतला, पण त्याचा राजकीय किंवा धार्मिक हेतू तपासात सापडला नाही. हेतूशिवाय दहशतवादाची व्याख्या पुरी होत नाही. मृतांचा आकडा कितीही मोठा असो. पक्षपात मोजायचा तर बाकी सगळं सारखं ठेवून मोजावं लागतं.

तसं मोजलंही गेलं आहे. एरिन कर्न्स, अ‍ॅलिसन बेटस आणि अँथनी लेमिउ या संशोधकांनी २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेत झालेल्या १३६ दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या. किती लोक मेले, लक्ष्य कोण होतं, आरोपी पकडला गेला का, हे सगळे घटक हिशेबात धरल्यावरही हल्लेखोर मुस्लिम असला तर सरासरी ३५७ टक्के जास्त बातम्या आल्या. हा आकडा नीट समजून घ्या. तो ‘मुस्लिमांनी जास्त हल्ले केले’ असं सांगत नाही. तो सांगतो, की सारख्याच हल्ल्याला सुमारे साडेचारपट जागा मिळाली. ज्याच्या बातम्या साडेचारपट वाचल्या, त्याचाच चेहरा पुढच्या स्फोटाच्या पहिल्या तासात आधी आठवणार.

२२ जुलै २०११ला ओस्लोत नेमकं हेच झालं. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी सरकारी कचेऱ्यांसमोर व्हॅनमधला बॉम्ब फुटला. आठ जण गेले. तास-दोन तासांत जगभरच्या वाहिन्यांवर ‘अल-कायदा’ सुरू झालं. इंटरनेटवर कुठल्याशा अनोळखी जिहादी गटाने जबाबदारी घेतल्याचा मजकूर फिरला आणि नामवंत वृत्तपत्रांनी तो उचलला. ओस्लोच्या रस्त्यांवर मुस्लिमांना शिवीगाळ, धक्काबुक्की झाली. इकडे स्फोटानंतर दहाच मिनिटांत एका पादचाऱ्याने पोलिसांना फोन केला होता. हेल्मेट घातलेला, हातात पिस्तूल असलेला पोलिसी गणवेशातला माणूस एका राखाडी छोट्या व्हॅनमध्ये बसून निघून गेल्याचं त्याने सांगितलं. गाडीचा नंबरही दिला. हे लिहून घेतलेली चिठ्ठी सुमारे वीस मिनिटं टेबलावर पडून राहिली, असं नंतरच्या सरकारी चौकशी आयोगाने नोंदवलं. त्याच व्हॅनमधून आंदर्स ब्रेव्हिक उतोया बेटाकडे गेला आणि तिथे आणखी ६९ जणांना मारलं, बहुतेक किशोरवयीन मुलं. चिठ्ठी पडून राहिली ती पूर्वग्रहामुळे, असा आरोप मी करणार नाही. फोनांचा भडिमार आणि ढिसाळ व्यवस्था ही त्याची कारणं होती. मी एवढंच दाखवतो आहे, की कामाचा धागा पुन्हा एक गाडीचा नंबर होता आणि टीव्हीवरच्या अंदाजाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

ब्रेव्हिक गोरा नॉर्वेजियन निघताच चर्चा त्याच्या बालपणावर आणि मानसिक स्थितीवर आली. मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या अहवालाने त्याला मनोरुग्ण ठरवलं, दुसऱ्याने नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने तो मनोरुग्ण नव्हता असं मानून दहशतवादाचीच शिक्षा दिली. मानसिक आजार तपासणं योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की ही तपासणी सावळ्या आरोपीच्या बाबतीत पहिल्या दिवशी कुणाच्या मनात येते का.

२०१३च्या बोस्टन मॅरेथॉननंतर संशयित ठरवण्याचं हे काम टीव्हीच्या हातून थेट लोकांच्या हातात गेलं. १५ एप्रिलला दोन प्रेशर कुकर बॉम्ब फुटले, तीन जण गेले. हौशी शोधकांनी गर्दीचे फोटो डाउनलोड केले, पाठीवर सॅक असलेल्यांभोवती लाल वर्तुळं काढली. गर्दीत सॅक शेकडो जणांच्या पाठीवर होत्या. वर्तुळं फिरून फिरून सावळ्या मुलांभोवती येत राहिली. जखमी झालेल्या एका सौदी विद्यार्थ्याला ‘संशयित’ म्हटलं गेलं. १८ तारखेला न्यूयॉर्कच्या एका टॅब्लॉइडने पहिल्या पानावर दोन तरुणांचा फोटो छापला. त्यातला एक मोरोक्कन वंशाचा शाळकरी धावपटू होता. दोघेही निर्दोष. त्यांनी दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. एफबीआयने त्या संध्याकाळी खऱ्या संशयितांचे फोटो जाहीर केले, त्यामागे निरपराध लोकांची ही बदनामी थांबवणं हेही एक कारण होतं.

फोटो अस्पष्ट होते आणि तिथून दुसरा अनर्थ झाला. महिनाभर बेपत्ता असलेला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी ‘दुसऱ्या संशयितासारखा दिसतो’ असं कुणीतरी लिहिलं. त्या रात्री पोलिसांच्या वायरलेसवर त्याचं नाव ऐकलं अशी अफवा उठली. नंतर ध्वनिमुद्रणं तपासली तर ते नाव त्यात नव्हतंच. पण हजारो लोकांनी ते ‘ऐकलं’ म्हणून पुढे पाठवलं होतं. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेलं फेसबुक पान शिव्यांनी भरलं, ते बंद करावं लागलं. २३ एप्रिलला प्रॉव्हिडन्समध्ये पाण्यात त्याचा मृतदेह सापडला. स्फोटाशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. स्फोट घडवणारे दोघे भाऊ चेचेन वंशाचे, वर्णाने गोरे होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक सूर ऐकू येतो, ‘आपण त्यातले नव्हे, हे त्यांना कळायला हवं.’ हा सूर मला पटत नाही, आणि तो कामालाही येत नाही. ११ सप्टेंबर २००१नंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे स्वतःच्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावणाऱ्या बलबीरसिंग सोधी यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने पगडी पाहिली, धर्म विचारला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कान्सासच्या ओलेथामध्ये हैदराबादहून गेलेल्या एका अभियंत्याला बारमध्ये मारणाऱ्याने नंतर दुसऱ्या ठिकाणी जाऊन सांगितलं, की आपण दोन इराण्यांना गोळ्या घातल्या. ‘आम्ही ते नव्हे’ म्हणण्यात ‘ते असते तर चाललं असतं’ हे न बोलता मान्य केलेलं असतं.

आणि महाराष्ट्रात वर्णाच्या जागी धर्म ठेवला की यंत्र तसंच चालतं. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुस्लिम होते. अटक झाली ती नऊ मुस्लिमांना. त्यातले सात जण पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, जामिनावर सुटले. पुढे एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या नऊ जणांचं प्रकरण आरोपमुक्तीवर संपवलं, तोवर त्यातला एक जण मरण पावला होता. अटकेच्या दिवशीची बातमी पहिल्या पानावर असते. सुटकेची बातमी किती जणांनी वाचली?

बातमी वाचताना मी काही गोष्टी आधी पाहतो, त्या सांगतो. पहिल्या चोवीस तासांत क्रियापद बघावं. ‘चौकशी केली’, ‘ताब्यात घेतलं’, ‘अटक केली’, ‘आरोपपत्र दाखल केलं’, ‘दोषी ठरवलं’ या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि मथळा बहुतेक वेळा एकदोन पायऱ्या पुढे उडी मारतो. मग माहिती कुणी दिली ते बघावं. नाव आणि हुद्दा असलेला अधिकारी, की ‘सूत्रं’? वायरलेसवर ऐकलेलं धरू नये, कारण नियंत्रण कक्ष तिथे लोकांनी फोनवर कळवलेल्या कच्च्या टिपाही तशाच वाचून दाखवतो. वर्णनात फक्त वर्ण, दाढी आणि वंश असेल, उंची, कपडे, गाडी, दिशा यातलं काहीच नसेल, तर ते वर्णन कुणालाही लागू पडतं आणि म्हणून तपासाला निरुपयोगी असतं. फोटो आला तर त्या फोटोवरूनच इंटरनेटवर शोध घेऊन तो कुठल्या तारखेचा आहे ते पाहावं. जुन्या घटनेतले फोटो दर वेळी परत येतात.

पक्षपात ओळखायचा असेल तर जोडी लागते. साधारण सारख्या दोन हल्ल्यांच्या, एकाच वृत्तपत्राच्या पहिल्या दिवसाच्या बातम्या घ्या. आरोपीसाठी कोणता शब्द आहे, माथेफिरू, बंदूकधारी की दहशतवादी? कुणाला बोलतं केलं आहे, शेजाऱ्यांना आणि आईला, की सुरक्षातज्ज्ञांना? फोटो शाळेच्या कार्यक्रमातला आहे की पोलीस कोठडीतला? आणि शेवटी, त्याच्या समाजातल्या कुणाला निषेध करायला सांगितलं आहे का. ओक्लाहोमा सिटीनंतर गोऱ्या माजी सैनिकांच्या कुठल्याही संघटनेकडे असा निषेध कुणी मागितला नव्हता.